डाव्या हातातलं पीठ

आमच्या घरात एका शब्दाला सगळे 'तो' म्हणतात. शब्द लुवियन भाषेतला आहे. लुवियन म्हणजे तीनेक हजार वर्षांपूर्वी आजच्या तुर्कस्तानात बोलली जाणारी, संस्कृतची लांबची बहीण. इतकी लांबची की लग्नाची पत्रिकासुद्धा पाठवू नये. 'तो' या भाषेच्या सापडलेल्या लिखाणात एकदाच येतो, मातीच्या एका तुटक्या पाटीवर. त्याचा उच्चार कसा करायचा यावर जाणत्यांचं एकमत नाही, मग मी कशाला जोखीम घेऊ? सासूबाईंनी जन्मभर सासऱ्यांचं नाव घेतलं नाही, त्यामुळे ही व्यवस्था त्यांना लगेच पटली. "तो सापडला का ग?" असं त्या जेवताना मोठ्यानं विचारायच्या, आणि सुरुवाती सुरुवातीला माझा नवरा ताटावरून दचकून वर बघायचा.

मी मूळची नगरची. नोकरीसाठी चेन्नईला आले आणि लग्न करून तिरुवल्लिकेणीतल्या एका तंजावरी मराठी घरात शिरले. माझं ऑफिस पेरुंगुडीला. तिथे दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम मी करते. म्हणजे आठवडाभर पगार घेऊन चुका काढायच्या आणि शनिवारी तेच काम फुकट करायला तांबरमला जायचं, असं नवऱ्याचं म्हणणं.

तांबरमला सर राहतात. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, तमिळ, विधुर, मुलगा परदेशात. एका वाचनालयात त्यांचं मातीच्या पाट्यांवर भाषण होतं आणि मी पंख्याखाली बसायला मिळावं म्हणून आत गेले होते. शेवटी ते म्हणाले, कुणाला शिकायचं असेल तर शनिवारी घरी या. आम्ही मूठभर लोक गेलो. त्यांनी पहिली परीक्षा घेतली आणि मी एकटीच उरले. परीक्षेत मी नापास झाले होते, पण ते माझ्या लक्षात यायच्या आत पुढचा धडा सुरू झाला होता.

सरांना पाट्यांवरची ही लिपी कुणी शिकवली नाही. प्रयोगशाळेतून घरी यायचं, जेवायचं आणि जाडजूड पुस्तकं उघडून बसायचं, असं करत करत ते शिकले. तरुणपणी त्यांनी एका परदेशी नियतकालिकात दीड पानाचं टिपण छापून आणलं. त्यात त्यांनी सांगितलं होतं की 'तो' म्हणजे पीठ, जाडसर दळलेलं. नंतर निघालेल्या मोठ्या शब्दकोशानं तो अर्थ घेतला, शेजारी सरांचं नाव छापून. ते दीड पान त्यांच्या हॉलमध्ये लग्नाच्या फोटोशेजारी फ्रेम करून लावलेलं आहे. आता त्यांनी जुन्या विधींमधल्या शब्दांचा एक छोटा कोश केला होता, तो छापायला गेला होता, आणि मुद्रितं तपासायला आली तेव्हा सरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. म्हणून मी वाचायची आणि त्यांनी ऐकायचं. "यातलं नव्वद टक्के दुसऱ्यांनी शोधलेलं आहे, मी नीट लावून ठेवलं," असं ते म्हणायचे आणि फ्रेमकडे बोट करायचे. "माझं स्वतःचं म्हणशील तर एवढं पीठ."

पाटीवरचा मजकूर एका विधीचा आहे. माणूस आजारी आहे, कुणीतरी त्याचं वाईट चिंतलं आहे, आणि एक म्हातारी बाई ते उतरवते आहे. ती उजव्या हातानं भाकरी घेते. उजव्या हातानं मीठ घेते. डाव्या हातानं 'तो' घेते. आजाऱ्याभोवती फिरवते, आजारी 'तो'वर थुंकतो, मग ती काही न बोलता 'तो' घेऊन दाराबाहेर जाते आणि मागे बघत नाही. या लिपीत पुष्कळदा शब्दाआधी एक खूण असते. ही वस्तू लाकडाची, ही दगडाची, ही पिठाची, असं सांगणारी. 'तो'च्या आधीची खूण नेमकी तुटलेली आहे. भाकरी आणि मिठाच्या पंगतीत बसलेला, म्हणून सरांनी त्याला पीठ ठरवलं, आणि तुटलेल्या जागी पिठाची खूण होती असं मानलं. मी ते वाक्य त्यांना कितीदा तरी वाचून दाखवलं असेल. त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही.

मग मार्गळी महिन्यात, म्हणजे आपल्या मार्गशीर्ष-पौषाच्या सुमाराला, नवऱ्याला बढती मिळाली.

तो मोटारीच्या कारखान्यात आहे. बढतीची बातमी नातेवाइकांच्या ग्रुपवर पडली, ढिगानं अंगठे आणि फुलं आली, आणि दुसऱ्या दिवशी त्याला सणकून सर्दी झाली. सासूबाईंनी निदान केलं: दृष्ट. त्या टेलिफोन खात्यात सुपरवायझर होत्या, इंग्रजी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, आणि सर्दीला कारण विषाणू असतो हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक आहे. "विषाणूला गोळी दे, दृष्टीला मी बघते," असं त्यांचं धोरण. पण त्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून जिना उतरायचं काम माझ्याकडे आलं.

नगरला माझी आई दृष्ट काढायची ती मीठ-मोहऱ्यांनी. इथे आणखी एक वस्तू लागते: तीन गल्ल्या मिळतात तिथली चिमूटभर धूळ. ही तमिळ रीत, या घरानं कधीतरी उचललेली. इतकी वर्षं सासूबाई स्वतःच आणायच्या, मी फक्त बघ्यांत असायची.

"डाव्या हातान उचल," त्या म्हणाल्या. "जाताना येताना कोणासीं बोलू नको. मागें पाहू नको."

तिरुवल्लिकेणीत सकाळी खाली उतरून कुणाशी न बोलता परत येणं हे काम सोपं नाही. कोपऱ्यावरच्या मॅन्शनमधली एकटी राहणारी मुलं चहाचे ग्लास धरून उभी असतात, इस्त्रीवाला साड्या झाल्या म्हणून सांगतो, रिक्षावाला मला रोज स्टेशनवर सोडतो म्हणून आजही रिक्षा पुढे आणतो. मी सगळ्यांकडे बघून नुसती मान हलवली, त्यामुळे दिवसभर गल्लीत माझा घसा बसल्याची बातमी होती. शिवाय धूळ मिळेना. हो, चेन्नईत! कोपरा नुकताच सिमेंटचा केला होता. शेवटी समोरच्या घराच्या पायरीपाशी, कोलमच्या, म्हणजे इथल्या रांगोळीच्या, कडेला, फटीतून चिमूटभर निघाली.

वर आले तर नवरा खुर्चीवर पूर्वेकडे तोंड करून, मांडीवर लॅपटॉप, कानात हेडफोन. ऑफिसची मीटिंग चालू होती. कॅमेरा आणि माइक त्यानं बंद केले होते एवढीच काय ती शरम. मी धूळ मुठीत धरून स्वयंपाकघरात गेले आणि घाईघाईत तोच हात मिठाच्या बरणीत घातला.

"ऐयो!" सासूबाई गुडघा विसरून उठल्या. "मीठ डाव्यान घेतीस? मातीचा हात? खातों ना ग तें! बरणीतलं अस्क मीठ वाया गेलं कीं!"

मी हात तसाच बरणीत ठेवून उभी राहिले. लाज वाटली म्हणून नव्हे. माझ्या डोक्यात पाटी उभी राहिली होती. भाकरी उजव्या हातानं. मीठ उजव्या हातानं. 'तो' डाव्या हातानं. म्हातारीनं हात बदलला होता! चाळीस वर्षांपेक्षा जास्त काळ सर, आणि गेली काही वर्षं मी, असे दोघे, ज्यांच्या घरी डाव्या हातानं कुणाला पापडसुद्धा वाढत नाहीत, ते वाचत बसलो होतो की बाईनं डाव्या हातात पीठ घेतलं. आणि आम्हाला ते खटकलं नाही. घरात जे हात शिकलेले असतात ते पुस्तक उघडलं की खुंटीला टांगून ठेवतो की काय आपण?

दृष्ट काढली. नवऱ्यानं मुठीवर तीनदा थुंकल्यासारखं केलं आणि लगेच माइक चालू करून कुणाला तरी "येस, अग्रीड" म्हणाला. सर्दी चार-पाच दिवसांनी, गोळ्यांनी किंवा कशानंही म्हणा, गेली.

मला इकडे धीर धरवेना. चूक सापडली की माझं असंच होतं, अंगाला खाज सुटते. शनिवारी उरलेली धूळ कागदाच्या पुडीत बांधली आणि एग्मोरहून तांबरमची गाडी पकडली. सैदापेटपर्यंत मी खिडकीत बसून मनातल्या मनात भाषण तयार केलं. गिंडी गेलं आणि मला ती फ्रेम आठवली. मी कुणाच्या सॉफ्टवेअरमधली चूक घेऊन चालले नव्हते. एका म्हाताऱ्या माणसाकडे स्वतःची म्हणून एकच गोष्ट होती आणि मी ती काढून घ्यायला निघाले होते, तीही पुडी बांधून. पल्लावरमला उतरून परत फिरावं असं खरंच वाटलं. पण मुद्रितं महिन्याभरात परत पाठवायची होती, आणि कोश एकदा छापला की मग ते 'पीठ' कायमचं राहणार होतं. माहीत असून चुकीचं छापू देणं मला जमलं नसतं. मी तशी चांगली बाई आहे म्हणून नव्हे. मला झोप आली नसती म्हणून.

सरांनी सगळं शांतपणे ऐकलं. बरणीच्या गोष्टीला हसले. मग म्हणाले, "डावं-उजवं हे आपलं. तुझ्या सासूबाईंचं, माझ्या आईचं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या बाईला ते लागू कशावरून?"

"आपलं असू दे सर," मी म्हटलं. "आपल्यामुळे फक्त माझं लक्ष गेलं. पण पाटीच सांगते ना? खायच्या दोन वस्तूंना उजवा हात आणि याला एकट्याला डावा. शिवाय नुसत्या याच्यावर थुंकतात, आणि बाई हाच बाहेर नेते. भाकरी-मीठ कुठे बाहेर जातं? हे खायचं काही नाहीये. रस्त्यावरची माती असेल, धूळ असेल."

"पुडी दाखव."

त्यांनी पुडी घेतली, चाचपडत औषधांच्या कपाटापाशी गेले, जखमेवर लावायच्या आयोडीनची बाटली काढली, बशीत धूळ ओतली आणि वर थेंब टाकले. "रंग सांग," ते म्हणाले.

मी बशी उचलून खिडकीपाशी नेली आणि उजेडात पुन्हा बघितलं.

"सांग ना."

"निळा-काळा."

"म्हणजे?"

"पिष्टमय पदार्थ," मी शाळेतल्या मुलीसारखं उत्तर दिलं.

समोरच्या घरातल्या मामी अजून कोलम तांदळाच्या पिठानंच काढतात, मुंग्यांनी खावं म्हणून. माझी ऐतिहासिक धूळ त्यांच्या कोलमच्या कडेची होती. सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. "तू इतक्या लांबून धूळ आणलीस," ते म्हणाले, "आणि निघालं काय? पीठ!" मीही हसले, दुसरं काय करणार. पण हसणं ओसरल्यावर ते फ्रेमच्या दिशेला तोंड करून बसले. त्यांना ती दिसत नव्हती, मला माहीत होतं. त्या दिवशी मुद्रित वाचताना 'तो'ची नोंद आली तेव्हा ते म्हणाले, "पुढे." मी पुढे गेले. त्यानंतरच्या शनिवारीही तसंच. शेवटपर्यंत वाचून झालं, आणि एवढी एकच नोंद मधे राहिली. मी विषय काढला नाही. मला फार वाईट वाटत होतं, आणि माझंच खरं आहे याबद्दल तसूभरही शंका नव्हती. दोन्ही एकदम वाटणं हा फार त्रासाचा प्रकार आहे.

मधल्या काळात एक भलतंच सुरू झालं. सरांनी धूळ प्रकरणाची खातरजमा करायला घरी फोन केला, तो सासूबाईंनी घेतला. पहिल्या दिवशी चौकशी झाली, दुसऱ्या दिवशी वादावादी, आणि मग रोज अकराच्या कॉफीनंतर दोघांची तमिळमध्ये बैठक भरू लागली. सर विचारायचे, धूळच का, राख का नाही? सासूबाई म्हणायच्या, तुमचं रसायनशास्त्र तुमच्यापाशी ठेवा. फोन ठेवल्यावर मला सांगायच्या, "मास्तर बरा आहे. हट्टी आहे."

मुद्रितं परत पाठवायची वेळ आली त्याच आठवड्यात सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. हॉस्पिटल आमच्या घराजवळ. मुलगा येऊ शकत नव्हता, म्हणून सोबतीला आम्ही. ऑपरेशन व्यवस्थित झालं, पण साखर वर-खाली होत होती म्हणून डॉक्टरांनी त्यांना रात्रभर ठेवून घेतलं आणि हाताला सलाइन लावलं. सकाळी मी सासूबाईंना घेऊन गेले. त्यांनी नाचणीच्या पिठाचे लाडू केले होते, गूळ नावापुरता. नर्सला विचारून, परवानगी काढून. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा मिटलेला, असे सर उशीला टेकून बसले होते. माझ्या पिशवीत मुद्रितं होती. संध्याकाळी पाठवायची होती, एक नोंद मोकळी ठेवून किंवा तशीच ठेवून, ते त्यांनी सांगायचं होतं.

"काय आणलंय?" त्यांनी वासावरून तमिळमध्ये विचारलं.

"मावु उरुंडै," सासूबाई म्हणाल्या. पिठाचा लाडू. "हात पुढे करा."

सरांनी उजवा हात उचलला, नळी ताणली गेली, "स्स" करून खाली ठेवला. मग डावा हात पुढे केला. निम्म्यात आला आणि थांबला. कुणी काही म्हटलं नव्हतं. सासूबाईंचा लाडू धरलेला हातही तसाच हवेत थांबलेला, पण तो काही सरांना दिसत नव्हता. सरांचा हात आपणहून मागे गेला आणि चादरीवर पडून राहिला. देवाधर्माला न मानणारा, आयुष्यभर परीक्षानळ्या धुतलेला हा माणूस, भुकेला, आणि पिठाच्या लाडवासाठी त्याला डावा हात पुढे करवेना.

मग सासूबाईंनी लाडू मोडला आणि लहान मुलाला भरवावं तसा तुकडा त्यांच्या तोंडात घातला. त्यांनी मुकाट्यानं चावला. गिळल्यावर म्हणाले, "मुद्रितं आणलीयस?"

"हो."

"पीठ काढ."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. "सर, हा काही पुरावा नाही," मी म्हटलं. का म्हटलं देव जाणे, त्यांचंच वाक्य त्यांच्या आधी मी म्हणून टाकलं. "हे आपलं झालं. त्या बाईचं..."

"पुरावा तू मार्गळीतच दिला होतास. पाटीतला. मला ऐकायचा नव्हता." त्यांनी तोंड उघडून दुसरा तुकडा मागितला. तो खाऊन म्हणाले, "लिही. 'डाव्या हातात धरायची वस्तू. खाण्याची नव्हे. कदाचित धूळ.' कदाचित विसरू नको. आधीचा अर्थ मागे घेतला, असं लिही. माझं नाव तिथे राहू दे, मागे घेणारा म्हणून."

मी पलंगाच्या कडेला बसून लिहिलं. अक्षर नीट येईना, कारण मी रडत होते, आणि सरांना ते दिसत नव्हतं हे बरं होतं. सासूबाईंना सगळं दिसत होतं. त्यांनी पदराचं टोक माझ्याकडे टाकलं आणि लाडवाचा उरलेला तुकडा बोटांत धरून सरांना तमिळमध्ये दटावलं.

"आधी खाऊन घ्या," त्या म्हणाल्या. "तो कुठे पळून जात नाही."